कराराचं सॉफ्टवेअर निवडताना सहीनंतर काय होतं ते आधी विचारा

नमस्कार. तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही उत्तर कशाला आहे ते कळेल. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारा तुमचा कारखाना आहे. माणसं दीडशेच्या आत, चालू करार अंदाजे चारशे. गेल्या वर्षी एका मशीनची एएमसी (वार्षिक देखभाल करार) नको असताना आपोआप वर्षभराने वाढली, तेव्हा मालकांनी ‘सॉफ्टवेअर घेऊन टाका’ असं सांगितलं. तीन डेमो झाले. एक मोठं आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर, वर्षाला एकवीस लाख. एक भारतीय कंपनीचं, सहा लाखांच्या आसपास. तिसरा तुमच्याच ईआरपीवाल्याचा (खरेदी, बिलं, हिशेब सांभाळणारं सॉफ्टवेअर देणाऱ्याचा) जोडमॉड्यूल, पावणेतीन लाख. तिन्ही चांगली वाटली, आता कोणतं घ्यावं, असं तुम्ही विचारलंत.

मी भोसरी, रांजणगाव आणि चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत एकोणीस वर्षं करारांचंच काम करतोय. तीन ठिकाणी असं सॉफ्टवेअर बसवताना मी होतो. दोन ठिकाणी ते चाललं, एका ठिकाणी पैसे वाया गेले. त्या तिन्हींतून शिकलो ते सांगतो.

तिन्ही चांगली वाटली याचं कारण साधं आहे. तिघांनीही स्वतःचे नमुना करार दाखवले. स्वच्छ इंग्रजी, एकाच फॉन्टमध्ये, सगळी कलमं क्रमाने. आणि डेमोचा बहुतेक वेळ गेला तो मसुदा कसा तयार होतो, कलमांचा साठा कसा असतो, दोन्ही बाजूंचे बदल रंगांत कसे दिसतात, मंजुरी मोबाईलवर कशी देता येते, यावर. बघायला छानच वाटतं. पण मला एक सांगा, तुमच्या चारशे करारांपैकी किती तुमच्या मसुद्यावर झालेत? ज्या वाहन कंपनीला तुम्ही माल देता ती तिचा छापील करार पाठवते आणि तुम्ही फार तर दोन-चार कलमांवर विनंती करता. मशीनवाला त्याच्या अटी कोटेशनच्या मागे छापून देतो. बँकेचा मसुदा बँकेचा, वीजजोडणीचा वीज कंपनीचा. स्वतःच्या मसुद्यावर तुम्ही करत असाल ते लेबर कॉन्ट्रॅक्टर, वाहतूकदार, जॉबवर्क करणारे छोटे पुरवठादार आणि गोपनीयतेचे करार. म्हणजे डेमोत ज्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला, त्याची तुम्हाला गरज सगळ्यात कमी.

तुमचे पैसे गळतात ते सही झाल्यानंतर. एएमसीचं उदाहरण तुम्ही स्वतःच दिलंत. माझं सांगतो.

एका कारखान्यात असताना आम्ही एक मोठं मशीन घेतलं होतं. पुरवठादाराने १८ लाखांची परफॉर्मन्स बँक गॅरंटी (बीजी) दिली होती, म्हणजे त्याने शब्द पाळला नाही तर बँक आम्हाला पैसे देईल अशी हमी. मशीन उशिरा आलं, म्हणून दोन्ही बाजूंनी पत्र लिहून वॉरंटीची मुदत सात महिने पुढे नेली. पत्रावर सह्या झाल्या, पत्र पर्चेसच्या फाईलमध्ये लागलं. बीजी मात्र अकाउंट्सच्या तिजोरीत, जुन्याच तारखेची. ती वाढवून घ्यायला हवी हे कोणाच्याही यादीत नव्हतं, कारण पत्र एका खात्यात, बीजी दुसऱ्या खात्यात आणि मूळ करार तिसऱ्याच माणसाकडे. मशीनचा स्पिंडल गेला, पुरवठादार हात वर करायला लागला, तेव्हा आम्ही बीजी घेऊन बँकेत गेलो. क्लेमची मुदत अकरा दिवसांपूर्वी संपली होती. काउंटरवरच्या बाईंनी बीजीवरच्या तारखेखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि कागद आमच्याकडे परत सरकवला. ती रेघ मला आजही दिसते.

तेव्हापासून कोणत्याही सॉफ्टवेअरला माझा पहिला प्रश्न हाच असतो: करार म्हणजे तुमच्या लेखी एक पीडीएफ आहे की एक कुटुंब? मूळ करार, त्याच्या पुरवण्या, मुदतवाढीचं पत्र, दर बदलल्याची ईमेल, बीजी, विम्याची पॉलिसी, लेबर कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स, त्याखाली निघालेल्या पीओ (खरेदीच्या ऑर्डर), हे सगळं एका छताखाली दिसलं पाहिजे. आणि पुरवणीने मूळ करारातली एखादी तारीख किंवा दर बदलला, तर पडद्यावर आज लागू असलेली अट दिसली पाहिजे, जुनी नाही. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये पुरवणी नुसती ‘जोडपत्र’ म्हणून चिकटते. आत काय बदललं ते सॉफ्टवेअरला माहीतच नसतं. असं असेल तर ते महागडं कपाट झालं.

दुसरी परीक्षा तारखांची. ‘आमचं सॉफ्टवेअर रिमाइंडर देतं’ असं प्रत्येक जण सांगतो. कशाचा रिमाइंडर, ते विचारा. समजा करार ३१ मार्चला संपतो आणि नूतनीकरण नको असेल तर ९० दिवस आधी लेखी नोटीस द्यायची अट आहे. म्हणजे तुमची खरी तारीख ३१ डिसेंबर. ‘संपण्याच्या तीस दिवस आधी’ येणारा रिमाइंडर १ मार्चला येईल, आणि तोपर्यंत करार पुढच्या वर्षासाठी बांधला गेलेला असेल. तुमच्या एएमसीचं बहुधा हेच झालंय. सॉफ्टवेअरने शेवटची तारीख आणि नोटिशीचे दिवस या दोन्हींवरून नोटिशीची तारीख स्वतः काढली पाहिजे आणि तिच्याही आधी सूचना दिली पाहिजे. सूचना एकाच माणसाला जाऊन चालत नाही. तो सुट्टीवर असेल, नोकरी सोडून गेला असेल. दुसऱ्याला, आणि तरीही कोणी काही केलं नाही तर वरच्याला गेली पाहिजे. डेमोतच एक खोटा करार टाकायला लावा, तारीख अशी द्या की सूचना त्याच दिवशी यायला हवी, आणि ती खरंच कोणाकोणाच्या ईमेलवर येते ते बघा.

तुमच्या धंद्यात आणखी तीन गोष्टी सहीनंतर सांभाळायच्या असतात आणि त्या नमुना डेमोत कधीच येत नाहीत. पहिली, कच्च्या मालाच्या दराची. स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा दर बदलला की तिमाहीला आरएम सेटलमेंट, म्हणजे कच्च्या मालाच्या दरफरकाचा हिशेब, होतो. फरक कोणत्या आधारभूत दरावरून मोजायचा, क्लेम किती दिवसांत द्यायचा, हे करारात किंवा नंतरच्या एखाद्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये असतं. दर वाढले तर आपण क्लेम करायचा आणि उतरले तर ग्राहक डेबिट नोट लावणार. या अटी ज्याला तोंडपाठ असतात तो मार्केटिंगचा माणूस निघून गेला की पुढची तिमाही अंधारात जाते. दुसरी, टूलिंग, म्हणजे भाग बनवायचे साचे (डाय). ग्राहकाच्या पैशाने बनलेली डाय तुमच्याकडे असते, किंवा तुम्ही ती भोसरीच्या एखाद्या जॉबवर्कवाल्याकडे ठेवलेली असते. डाय कोणाची, आता कुठे, विमा कोणाचा, किती शॉट्सनंतर (भाग काढल्यानंतर) नवी, हे करारात लिहिलेलं असतं आणि वाद झाला की तेच आधी शोधावं लागतं. म्हणून करारात स्वतःच्या गरजेचे रकाने तुम्हाला स्वतःला वाढवता येतात का, की दरवेळी विक्रेत्याला पैसे देऊन वाढवून घ्यावे लागतात, हे पक्कं विचारून घ्या.

तिसरी गोष्ट पुरवठादारांच्या पैशांची, आणि इथे कायदा थेट आहे. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही. लेखी करारच नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. वर २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरात कलम ४३बी-एच आलं, त्यामुळे अशा पुरवठादाराचे मुदतीनंतरही थकलेले पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्च म्हणून वजा होत नाहीत. तुमच्या छापील पीओवर ‘९० दिवस’ असेल तर ते कागदावर आहे म्हणून चालत नाही. पुरवठादाराचा उद्यम नोंदणी क्रमांक करारासोबत असावा, आणि करारातली पैशाची मुदत ४५ च्या वर गेली की सॉफ्टवेअरने लाल दिवा दाखवावा. हा साधा नियम ज्यात लावता येत नाही ते मी घेणार नाही.

आता एआयबद्दल, कारण हल्ली सगळं त्यावरच विकलं जातं. करार टाका, एआय पक्षकार, तारखा, रक्कम, दंड सगळं काढून रकान्यांत भरेल, असं सांगतात. भरतंही. टाईप केलेल्या इंग्रजी करारातून ते माणसापेक्षा वेगाने काढतं आणि बरंचसं बरोबर काढतं, हे मी पाहिलंय. पण ज्या ठिकाणी चुकतं ती जागा नेमकी पैशाची असते. ‘इनव्हॉइस मिळाल्यापासून ४५ दिवस’ आणि ‘माल स्वीकारल्यापासून ४५ दिवस’ यातून ते दोन्हीकडे ‘४५ दिवस’ एवढंच उचलतं. दंडाची कमाल मर्यादा जोडपत्रात असेल तर ती सुटते. म्हणून एआयने काढलेली प्रत्येक गोष्ट करारातल्या ज्या ओळीतून आली ती ओळ शेजारी दिसली पाहिजे, आणि माणसाने ‘तपासलं’ असं नोंदवल्याशिवाय ती पक्की धरली जाऊ नये. ही सोय आहे का ते बघा. अचूकतेचे टक्के विक्रेत्याला विचारू नका, ते त्याच्या करारांवरचे असतात.

तुमच्या करारांवर काय होतं ते बघायला एक पिशवी तयार करा. वीस कागद, आणि चांगले नाही, सगळ्यात वाईट. फ्रँकिंगचा शिक्का मजकुरावर आलेला एक. फॅक्समधून आलेली जुनी प्रत. हाताने खाडाखोड करून बाजूला सह्या केलेला एक. तीन पुरवण्या असलेला एक. ग्रामपंचायतीशी किंवा जमीनमालकाशी झालेला एक. आणि मराठीतले किमान चार: लेबर कॉन्ट्रॅक्टर, वाहतूकदार, कॅन्टीनवाला, सिक्युरिटी.

मराठीचं जरा सविस्तर सांगतो, कारण इथे मला स्वतःला धक्का बसला होता. एका डेमोत मी वाहतूकदाराचा मराठी करार टाकायला दिला. पडद्यावर सुंदर मराठी दिसत होतं. मग शोधायच्या खिडकीत ‘मुदतवाढ’ टाईप केलं. शून्य निकाल. करारात तो शब्द चौथ्या पानावर ठळक अक्षरांत होता. कारण असं की तो करार जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाईप केलेला होता. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो, पण संगणकाच्या पोटात ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. कॉपी करून ईमेलमध्ये चिकटवून बघा, कचरा दिसेल. आपल्याकडे वकिलांच्या, टायपिंगवाल्यांच्या ऑफिसांत असे हजारो करार झालेत. त्यावर उपाय आहे. ते पान चित्र म्हणून वाचायचं आणि देवनागरी ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या तंत्राने) पुन्हा मजकूर करायचा. पण सॉफ्टवेअरला आधी हे ओळखता आलं पाहिजे की आतला मजकूर निकामी आहे. नाहीतर ते ‘मजकूर सापडला’ म्हणून पुढे जातं आणि तुमचे सगळे मराठी करार शोधात अदृश्य राहतात. ओसीआरनंतरही जोडाक्षरं चुकतात, आकडे चुकतात, म्हणून रक्कम आणि तारखा हाताने तपासायच्याच.

गरज धंद्याप्रमाणे किती बदलते याचं एक उदाहरण देतो. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात माझा मित्र आहे. तिथे दर हंगामाआधी ऊसतोडणी आणि वाहतुकीचे करार होतात, शेकड्यांनी, सगळे मराठीत, सगळे जवळपास एकाच नमुन्याचे. फरक फक्त नावाचा, वाहनाचा, उचलीचा आणि जामीनदारांचा. त्याला एका नमुन्यातून शेकडो करार बिनचूक काढून देणारं आणि एकच माणूस किती मुकादमांना जामीन राहिलाय ते सांगणारं साधन हवं. त्याला मसुद्याचं काम महत्त्वाचं, तुम्हाला नाही. त्याने घेतलेलं तुम्ही घेतलंत तर दोघांचंही खरं असून तुमचं चुकेल.

स्टॅम्प आणि सहीकडे वळू या. इथे विक्रेते फार ढोबळ बोलतात. ऑनलाईन झालेला करार चालतो, ही गोष्ट खरी. माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम १०अ त्यासाठीच आहे. पण स्टॅम्प ड्युटी सॉफ्टवेअरमुळे माफ होत नाही. महाराष्ट्र मुद्रांक कायद्याप्रमाणे इथे होणारा करार सहीच्या आधी, सहीच्या वेळी किंवा फार तर पुढच्या कामकाजाच्या दिवशी स्टॅम्प झालेला हवा. नाहीतर तो पुराव्यात वापरायच्या वेळी कमी पडलेली ड्युटी आणि त्यावर महिन्याला २ टक्क्यांप्रमाणे दंड भरावा लागतो. ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वी शंभर रुपयांवर होणारे साधे करार पाचशेवर गेले, तरी आजही कित्येक नमुन्यांवर ‘रु. १००/-’ छापलेलं दिसतं. तुमचे नमुने आधी तपासा. कामाच्या कंत्राटावर ड्युटी रकमेप्रमाणे बदलते, ती सरसकट पाचशे धरू नका. आणि तुमचा ग्राहक गुरुग्रामला किंवा चेन्नईला सही करून करार इकडे पाठवत असेल, तर तिथे भरलेली ड्युटी आणि इथली ड्युटी यांतला फरक इथे भरावा लागतो. ही गोष्ट निम्म्या कंपन्यांच्या गावीही नसते. स्टॅम्प नसलेला करार रद्दच होतो असं मात्र नाही. लवादाच्या कलमाबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलंय की तो दोष दुरुस्त करता येण्याजोगा आहे. पण दुरुस्तीला लागणारा वेळ आणि दंड तुमचाच.

म्हणून विचारा: तुमच्या सॉफ्टवेअरमधून महाराष्ट्राचा स्टॅम्प नेमका कसा लागतो? ‘होतं’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. एक पाचशेचा करार त्यांच्यासमोर पूर्ण करून घ्या आणि हातात आलेला कागद तुमच्या वकिलांना दाखवा. काही गोष्टी सॉफ्टवेअरच्या बाहेरच राहणार. जागेचा लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने. तो नोंदणी खात्याच्या व्यवस्थेतून होणार, सॉफ्टवेअरमध्ये फक्त त्याची प्रत आणि तारखा राहतील.

सहीचे प्रकारही वेगळे. आधारवरून ओटीपीने होणारी ई-साइन किंवा यूएसबी टोकनवरची डिजिटल सही, या कायद्याने मानलेल्या सह्या. सहीचं चित्र चिकटवून ‘सही केली’ असं बटण दाबणं वेगळं. त्याने करार होतच नाही असं म्हणणार नाही, पण उद्या समोरचा ‘ही सही माझी नाही’ म्हणाला तर सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. छोट्या वाहतूकदाराकडे लॅपटॉप नसतो, आधारला जोडलेला मोबाईल असतो. त्याला मोबाईलवर, मराठीत, चार टप्प्यांत सही करता येते का ते त्यालाच बोलावून करून बघा.

पुराव्याचंही आत्ताच बघून ठेवा. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातून सर्वोच्च न्यायालयाचा २०२० चा अर्जुन खोतकर निकाल आला आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतंच हे पक्कं झालं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खाली ते प्रमाणपत्र दोन भागांत द्यायचं असतं आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलमध्ये काहीही बदललं की बदलणारा तिचा सांकेतिक आकडा, लिहावी लागते. कोणी, कधी, कोणत्या फोनवरून उघडलं, सही केली, बदललं, याची नोंद आणि फाईलची हॅश सॉफ्टवेअरमधून सहज छापून मिळते का? विक्रेत्याच्या विक्रीवाल्या माणसाला हे कदाचित समजणार नाही. मग त्यांच्या तांत्रिक माणसाला फोनवर घ्या. त्यालाही समजलं नाही तर मला ते पुरेसं उत्तर वाटतं.

आता तुमच्या तीन कोटेशनांकडे येतो.

एकवीस लाखांचं सोडा. ते वाईट म्हणून नाही. अशी मोठी साधनं अनेक देशांत हजारो, लाखो करार असलेल्या उद्योगांसाठी बनलेली आहेत, आणि या क्षेत्रात आपल्या पुण्याचा मोठा हात आहे. आयसर्टिससारखी कंपनी २००९ पासून हेच काम करते आणि तिचं मोठं इंजिनिअरिंग केंद्र पुण्यात आहे, याचा मला अभिमान आहे. पण चारशे करारांसाठी तेवढं यंत्र बसवायला तुमच्याकडे ना माणूस आहे ना वेळ. शिवाय कोटेशनमधला आकडा लायसन्सचा असतो. बसवण्याचा, जुने करार आत घेण्याचा, ईआरपीला जोडण्याचा खर्च वेगळा, आणि पहिल्या वर्षी तो लायसन्सच्या बरोबरीने जाताना मी पाहिलाय.

ईआरपीवाल्याचं मॉड्यूल मोहात पाडेल, कारण पुरवठादार, पीओ, बिलं सगळं आधीच तिथे आहे. करार फक्त खरेदीचे असते तर मी तेच घ्या म्हटलं असतं. पण तुमचे निम्मे दुखणारे करार ग्राहकांचे, जागेचे, बीजीचे, लेबरचे आहेत. वर कुटुंबाची आणि नोटिशीच्या तारखेची परीक्षा सांगितली ती त्याला देऊन बघा. पास झालं तर पैसे वाचवा. माझा अंदाज आहे की पुरवणीवर अडेल.

मधलं सहा लाखांचं, वर सांगितलेल्या परीक्षा पास होत असेल तर, एका वर्षासाठी घ्या. या वर्गात झोहो कॉन्ट्रॅक्ट्स, स्पॉटड्राफ्ट अशी इतरही नावं आहेत, तेव्हा त्याच पिशवीवर आणखी एक-दोन तपासायला हरकत नाही. दर माणशी आहे की करारावर, ते बघा. माणशी असेल तर कंपन्या पैसे वाचवायला पाचच लॉगिन घेतात, मग स्टोअरला आणि क्वालिटीला करार दिसत नाही आणि ज्यासाठी घेतलं तेच राहतं. फक्त बघणाऱ्यांना पैसे पडू नयेत, हे लेखी घ्या.

आणि विक्रेत्याचा स्वतःचा करार तुम्ही कोणत्याही करारासारखाच नीट वाचा. तीन वर्षं एकदम बांधून घेऊन सूट देतात, पहिल्या वर्षी तरी घेऊ नका. आपोआप नूतनीकरणाचं कलम त्यातही असतं. दरवाढीला मर्यादा लिहून घ्या. सगळ्यात महत्त्वाचं, बाहेर पडताना काय मिळणार: नुसत्या पीडीएफ की तारखा, रकाने, पुरवण्यांचे धागे आणि सह्यांच्या नोंदीही? किती दिवसांत, किती पैशांत? चाचणीच्या काळातच दहा करार आत टाकून सगळे बाहेर काढून बघा. विक्रेत्याला हे आवडत नाही, तरी करा. करारांत कामगारांचे, जामीनदारांचे आधार क्रमांक, पत्ते असतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची जबाबदारी तुमच्यावर येते, सॉफ्टवेअरवाल्यावर ढकलता येत नाही. डेटा कुठे राहतो आणि एआय शिकवायला वापरणार नाही ना, हेही कलमात हवं.

पैसे वाया गेले त्या ठिकाणी चूक सॉफ्टवेअरची नव्हती. आम्ही उत्साहाने कपाटातले सगळे, संपलेलेसुद्धा, अकराशे करार आत घ्यायला लागलो. चार महिने दोन मुलं नुसती स्कॅन करत होती. चालू करारांचा नंबर येईपर्यंत सगळ्यांचा धीर संपला आणि पर्चेसवाले परत स्वतःच्या एक्सेलवर गेले. म्हणून तुम्ही चालूच करार घ्या, आणि त्यातही पुढच्या सहा महिन्यांत ज्यांची काही ना काही तारीख येते ते आधी. संपलेले फोल्डरमध्ये राहू द्या. करारभंगाच्या दाव्याची साधारण मुदत तीन वर्षं असते, तेवढ्या काळातले हाताशी ठेवा, बस.

त्याच्याही आधी, कोणाला पैसे देण्यापूर्वी, दोन आठवडे एका माणसाला बसवून एक्सेलमध्ये यादी करा: कोणाशी, कशाचा, किती रकमेचा, कधी संपतो, नोटीस किती दिवसांची, बीजी किंवा विमा आहे का, मूळ कागद कुठे आहे. ही यादी तुम्हाला तशीही लागणार आहे. ती करताना कदाचित कळेल की चालू करार चारशे नसून अडीचशे आहेत. शंभर-सव्वाशेच्या आत निघाले, तर मी सॉफ्टवेअर घ्या म्हणणार नाही. नीट लावलेलं सामाईक फोल्डर, ही यादी आणि कॅलेंडर पुरतं. आणि तोच माणूस पुढे सॉफ्टवेअरचा मालक असू द्या. आयटीचा नको. ज्याला पर्चेसच्या साहेबांना ‘पुरवणी अपलोड झाल्याशिवाय पीओचा दर बदलणार नाही’ असं तोंडावर सांगता येईल, असा हवा. मालकांनी त्याच्या मागे उभं राहायचं.

एक शेवटचं राहिलं. स्कॅन झालं म्हणून मूळ स्टॅम्पवरचे कागद गोदामात पाठवू नका. न्यायालय मूळ प्रत मागतं तेव्हा स्कॅन दाखवून भागत नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक रकाना वाढवून घ्या, ‘मूळ प्रत’. त्यात लिहायचं: कपाट २, खण ३, फाईल १७. आणि फाईल बाहेर काढणाऱ्याने तिच्या जागी स्वतःच्या नावाची चिठ्ठी ठेवायची.